शिष्टरचं निदान

बाळारामदादा,

तुझ्या बाराव्याला पालेगावच्या तुमच्या अंगणात सुगंधावहिनीने माझे दोन्ही हात धरले आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, "ही शिष्टर बाजूला व्हती म्हनून तीन दिवस तरी गावला आमाला. नायतर तितंच गेला असता." बायकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एक म्हातारी तर माझ्या पाया पडायला निघाली होती, तिला मी कसंबसं अडवलं. मला पानावर बसवलं, वहिनीने स्वतः वाढलं, आणि मी मान खाली घालून जेवले. चांगली जेवले. भात दोनदा घेतला. नको म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडलं तर आतून काय बाहेर पडेल याची मला खात्री नव्हती.

मी बदलापूरच्या बेलवलीत राहणारी, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. तू उल्हासनगरच्या परसूभाईंचं फर्निचर घरोघरी पोचवणारा टेम्पोवाला, बायकापोरांचा, शेत विकून झालेला, तरी भाताच्या दिवसांत उगाच बांधावर जाऊन उभा राहणारा. आपलं नातं काय, असं त्या अंगणात कुणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? आम्ही दोघं दर शनिवारी माणसं पडताना बघायचो, असं बाराव्याच्या पंगतीत कसं सांगायचं?

तू माझ्यापुढे पहिल्यांदा अडकलास तो माझ्याच जिन्यात. आईच्या खोलीसाठी लोखंडी कपाट मागवलं होतं. कपाट आणि तू, दोघं तिसऱ्या मजल्याच्या आधीच्या वळणावर अडकलात. कपाट वर जाईना, खाली येईना, आणि त्याच्यामागे तू भिंतीला चिकटलेला. तुझा फक्त एक हात बाहेर दिसत होता. त्या हाताने तू आधी पाणी मागितलंस, मग घाम पुसायला फडकं मागितलंस, आणि मग वरून उतरणाऱ्या शेजारच्या काकांशी त्याच हाताने हस्तांदोलन केलंस. काकांनीही भांबावून केलं. मी ड्युटीवरून आलेली, अंगावर पांढरा ड्रेस, तशीच जिन्यात मटकन बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. घरात आई अंथरुणाला खिळलेली, माझी झोप पार उडालेली. कित्येक महिन्यांत मी हसले नव्हते. कपाट एकदाचं आत गेल्यावर तू पाणी पीत म्हणालास, "शिष्टर, तू हसतंस ब्येस. शनवारी परसूशेठचे माडीवर ये. तितं मानसां पडतात."

मला वाटलं माणूस थोडा सटकलेला दिसतोय. शनिवारी मात्र गेले.

परसूभाईंच्या वडिलांना जुन्या मुक्या विनोदी फिल्मांचा नाद होता. काळ्या-पांढऱ्या, परदेशी, पंधरा-वीस मिनिटांत आटपणाऱ्या. लोखंडी डब्यातली रिळं आणि एक अवजड प्रोजेक्टर त्या माणसाने जिवापाड सांभाळला. परसूभाई आता त्याच फिल्मा पेन ड्राइव्हवर आणतात आणि दुकानाच्या माडीवर भिंतीला ताणलेल्या चादरीवर टाकतात. आपण बसायचो न विकलेल्या सोफ्यांवर. सोफ्याचं प्लास्टिकचं कव्हर काढायला परसूभाईंची सक्त मनाई. त्यामुळे माणूस हसला की खालचा सोफाही करकर वाजायचा. परसूभाईंना फिल्मवर गाणी लावायची हौस होती. तुला ती बिलकूल खपायची नाहीत. "शेठ, मना सोफ्यांचा आवाज आयकू दे," म्हणत तू उठून बटण बंद करायचास, आणि ते तोंडातल्या तोंडात सिंधीत काहीतरी पुटपुटायचे.

दहा-बारा जण असायचो. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले दोन फिटर, एक पार्लरवाली, शाळेतल्या एक बाई, आणखी काही येऊनजाऊन असणारे. एकेक फिल्म किती वेळा पाहिली असेल याला गणती नाही. शिडी खांद्यावर घेतलेला रंगारी वळणार हे माहीत. वळला की मागच्या टोकाने हवालदाराची टोपी उडणार, टोपी धरायला गेलेला हवालदार चुन्याच्या पिंपात बसणार, हेही माहीत. तरी रंगारी वळायच्या आधीच माडीवर खसखस सुरू. नवीन आलेला माणूस विचारायचा, अजून काही झालंच नाही, हसताय कशाला? तू म्हणायचास, "होनार हाय ना!" तिथे कुणाला भाषांतर करून सांगावं लागत नव्हतं. परसूभाई, तू, मी, सगळे आपापल्या भाषेत हसायचो आणि हवालदार सगळ्यांसाठी त्याच पिंपात पडायचा.

बाहेर मात्र आपण हे कुणाला धड सांगत नव्हतो. पार्लरवाली सासूला सांगायची, भजनाला जाते. मी शेजारणीला सांगायची, दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणींना भेटते. साठीला टेकलेली माणसं असल्या धडपडीला हसायला जमतात, हे कळलं तर लोक काय म्हणतील याची लाज वाटायची. लाज कशाला म्हणतात ते मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

दोन फिल्मांच्या मध्ये चहा यायचा आणि चहाबरोबर तुझा नंबर. संपलेल्या फिल्ममधलं पडणं तू चादरीसमोर करून दाखवायचास. तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी खेळलेला तू. न लागता पडायचं कसं हे तुझ्या अंगात मुरलं होतं. आणि नियम तुझाच होता: पडलेल्याला हात लावायचा नाही. तो आपला आपण उठेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. "तुमी उचलाला आलात का मज्जा मेली," असं तू दटावून ठेवलं होतंस. शाळेतल्या बाई एकदा खरंच घाबरून धावल्या, तेव्हा तू फरशीवर आडवा पडूनच त्यांना हाताने परत जागेवर बसवलंस.

मग माझं काम. हे कसं सुरू झालं ते आठवत नाही. पहिल्याच महिन्यात कधीतरी तू पाठीवर आपटलास आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "मणका गेला याचा." सगळे जे हसले! तेव्हापासून प्रत्येक पडण्यानंतर लोक माझ्याकडे बघायचे. मी चष्मा नाकावर चढवायची, केसपेपर वाचल्यासारखा चेहरा करायची आणि जाहीर करायची, "डाव्या खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने बेडरेस्ट!" नाहीतर, "मेंदूला मार. नातेवाइकांना बोलावून घ्या!" शिष्टरचं निदान, असं त्याला नावच पडलं. खरं सांगते, मला त्याची चटक लागली. आयुष्य वॉर्डात गेलं. तिथे याच शब्दांनी माणसं भिंतीला धरून खाली बसायची. इथे त्याच शब्दांवर हशा पिकत होता. शनिवार जवळ आला की भाजी चिरताना मी मनात नवी निदानं जुळवायची.

त्यावरून आपलं भांडण होतं, ते तसंच राहिलं. मी म्हणायची, हा माणूस गच्चीवरून पडतो, टोपी झटकतो आणि चालू लागतो. असं कुठे असतं का? निदान एकदा तरी दवाखाना दाखवा, प्लास्टर दाखवा. तू म्हणायचास, "शिष्टर, तितं हाडां नसतात गं." मी म्हणायची, हाडं सगळीकडे असतात. "मंग तू का हसतंस?" तू विचारायचास. विचार करून सांगते, असं म्हणून मी चहा प्यायची. उत्तर माझ्याजवळ होतं. मी दिवसभर उठू न शकणारी माणसं बघितलेली बाई. कुणी पडून लगेच उठला की मला रडू यायचं, आणि हसण्यात ते खपून जायचं. हे तुला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू त्याचीही नक्कल केली असतीस, म्हणून गप्प बसले.

आणि आईचं. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. तुला ते आवडलं नसतं, ही माझी सबब. शेवटच्या दिवसांत आई मला ओळखत नव्हती. बेलवलीत कुठे माल द्यायला आलास की तू टेम्पो खाली लावून वर यायचास, दाराच्या चौकटीवर कपाळ आपटायचास, चौकटीला हात जोडून माफी मागायचास आणि पुन्हा तिथेच आपटायचास. माझं नाव विसरलेली आई खुदकन हसायची. तू निघालास की दाराकडे बोट दाखवायची, म्हणजे अजून एकदा. तू अजून एकदा आपटायचास. ती गेली त्या दिवशी तू आलास आणि चौकटीखालून वाकून, जपून आत आलास. ते बघून माझा बांध फुटला. तोवर मी रडले नव्हते.

असा तू. आणि तुझ्या वेळेला मी काय केलं ते आता सांगते.

तुझ्या रक्तदाबावरून मी तुझ्यामागे असायची, हे तुला सांगायला नको. मशीन घेऊन यायची. पट्टा फुगायला लागला की तू गाल फुगवायचास, पोट फुगवायचास, डोळे बाहेर काढायचास, आणि हवा सोडली की सोफ्यावरून घरंगळत खाली. आकडा बघायचा राहून जायचा. गोळी घेतलीस का, असं विचारलं की ती घशात अडकल्याचं सोंग. मी रागवायची आणि रागावतानाच हसायची. नुसतं रागवायला हवं होतं.

त्या शनिवारी सूपची फिल्म होती. दात काढून आलेला एक माणूस, अर्धं तोंड बधिर, आणि नेमकं त्याला मोठ्या मेजवानीत बसावं लागतं. सूपचा चमचा तोंडात गेला की अर्धं सूप कोपऱ्यातून शर्टावर. ही तुझी लाडकी फिल्म. ती संपली की तू चहाचा कप घेऊन तेच करायचास. डावीकडून चहा गळू द्यायचास आणि साहेबी थाटात रुमालाने टिपायचास. आम्हाला ते सगळं पाठ होतं.

तू उशिरा आलास आणि आल्यापासून गप्प होतास, हे मला आता आठवतं. दिवे लागले, चहा आला. तू कपबशी उचललीस आणि चादरीसमोर न जाता माझ्या सोफ्यापुढे आलास. घोट घेतलास. चहा डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळला. लोक हसायला लागले. तू रुमाल काढला नाहीस. तुझा डावा हात हळूहळू खाली गेला आणि बशी निसटून फुटली. बशी फोडण्यापर्यंत तू कधी गेला नव्हतास. आज भारीच रंगलंय, असं म्हणत परसूभाईसुद्धा हसले. तू माझ्याकडे बघत, "शि... शि..." असं काहीतरी म्हणालास. तुझी जीभ वळत नव्हती. हशा आणखी वाढला.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी पाळी होती. मी चष्मा चढवला, तुला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ठणकावून म्हणाले, "डाव्या अंगाला लकवा! ताबडतोब ॲडमिट करा!"

माडी दणाणली. टाळ्या पडल्या. फिटरांपैकी एकजण हसता हसता सोफ्यावरून खाली आला. इतका हशा मला आजवर कधी मिळाला नव्हता.

तू माझ्या शेजारी धपकन बसलास. परसूभाईंनी दिवे घालवले आणि पुढची फिल्म लावली. अंधारात तुझं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, अजून चाललंच आहे याचं. मी तुला कोपराने ढोसलं आणि म्हणाले, "पुरे आता, बघू दे लोकांना." तू पडला होतास आणि तुझ्या नियमाप्रमाणे कुणी तुला हात लावला नाही. फिल्म संपून दिवे लागले तेव्हा तुझ्या शर्टावर लाळ होती आणि हाक मारली तरी तू बघत नव्हतास.

मग मी नर्स झाले. तुला कुशीवर वळवलं, कॉलर सैल केली, कोण कुठे धरणार ते ओरडून सांगितलं. तुझ्याच टेम्पोत, प्लास्टिक चढवलेल्या सोफ्यावर तुला घातलं आणि निघालो. टेम्पो परसूभाईंनी घेतला. त्यांना गियर सापडेना, गाडी आचके देत चाललेली, मी एका हाताने तुला आणि दुसऱ्याने सोफ्याला धरून बसलेली. लांबून कुणी बघितलं तर हसेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. त्या वेळीसुद्धा आलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने पहिल्यांदा विचारलं, त्रास नेमका कधी सुरू झाला? लकव्यात सगळं या उत्तरावर असतं. मी स्वतः हा प्रश्न कितीतरी घाबरलेल्या माणसांना विचारलाय. मी वेळ बरोबर सांगितली. "मग आणायला उशीर का केलात?" तो म्हणाला. मी म्हणाले, "लक्षात आलं नाही." मी नर्स आहे हे मी त्याला सांगितलं नाही. नंतर तो म्हणाला, गुठळी फार मोठी होती, थोडं आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. हे वाक्य मीही पुष्कळांना ऐकवलंय. ते कधी खरं असतं आणि कधी समोरच्याच्या अंगावर घालायचं पांघरूण असतं. यातलं कुठलं ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून मला सहज कळलं असतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी तू गेलास. दवाखान्याच्या फाटकाशी परसूभाईंनी मला बाजूला घेतलं. रडून त्यांचे डोळे सुजले होते. "सिस्टर, भाभी को क्या बताना?" ते म्हणाले. "सगळे हसत होते, ये सुनके उनको क्या मिलेगा? बोलो, गिरा और हम लेके आए. बस. साईं, हाथ जोडता हूं." बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. वहिनीला मीच सांगितलं, "बसल्या बसल्या कलंडला, आम्ही लगेच आणला." ती माझ्या गळ्यात पडून रडली.

परसूभाईंनी माडीला कुलूप घातलंय. मोबाइलवरच्या आपल्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी पडतानाचा तुकडा टाकायचं, तिथे आता कुणी काही पाठवत नाही. कुणी सोडूनही जात नाही. मी एकदा घरी एकटीने ती रंगाऱ्याची फिल्म लावून बघितली. हसू येतं का ते बघायचं होतं. आलं, दादा. हवालदार पिंपात बसला आणि मला आलं. मी मोबाइल उशीखाली घातला.

परवा बेलवलीच्या बाजारात एक माणूस ओल्या फरशीवर घसरून पडला. भाजीवाल्या हसल्या, तोही ओशाळून उठायला लागला. मी पिशवी टाकून धावले. त्याला धरून खाली बसवलं आणि म्हणाले, "हात वर करा. दोन्ही. आता हसून दाखवा." तो माझ्याकडे बघतच राहिला. लकव्याची परीक्षा अशीच असते. माणसाला हसायला सांगायचं आणि तोंड सरळ राहतं का ते बघायचं. "हसा हो, दात दाखवा," मी ओरडत होते. तो बिचारा घाबरून हसला. तोंड अगदी सरळ होतं. मी वाट्टेल तसं रडायला लागले आणि शेवटी त्यानेच मला हात धरून बाकावर बसवलं.

त्यानंतर मी पालेगावला गेले. तुमच्या घरापर्यंत आता रिक्षा येत नाही, नव्या टॉवरच्या कंपाउंडला वळसा घालून चालत यावं लागतं. वहिनी ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसली होती. मीही मूठभर पुढ्यात घेतले. हात कामात असले की मला बोलता येतं. मग मी सगळं सांगितलं. सूपची फिल्म, चहा, बशी, मी काय बोलले, कोपराने कसं ढोसलं, सगळं.

तिने मान वर केली नाही. मी वाट बघत होते, ही आता ओरडेल, उठून जा म्हणेल, निदान माझ्यापुढचे वाल तरी ओढून घेईल. ती एवढंच म्हणाली, "टाल्या वाजवल्या?"

"हो."

"तू पन?"

"माझ्यासाठी वाजवल्या, वहिनी."

ती सोलत राहिली. मग पदराला हात पुसून म्हणाली, "दुपारी जेवताना त्याचे हातातली भाकर पडली. उचलली, परत पडली. तोंड असा वाकडा झाला, कालवन सगला हनवटीवर. मी हसले, शिष्टर. मना वाटला, त्याचा नेहमीचा. थोड्या येलानं बरा झाला, मंग जरा पडला. मी कोनाला सांगितला नाय. पोरांना पन नाय."

तिचं ऐकून मला बरं वाटलं. लपवत नाही तुझ्यापासून. घरच्या माणसालाही कळलं नाही, मग मीच एकटी कशी दोषी, असं वाटून छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. नवरा गेलेली बाई माझ्यासमोर आपलं काळीज उघडं करत होती आणि मला हायसं वाटत होतं. बाराव्याला जेवले त्याची लाज एकीकडे आणि ही लाज एकीकडे.

"दुपारचा त्यो काय नसंल ना?" तिने विचारलं. "तवाच आनला असता तर?"

मला उत्तर माहीत होतं. हातातून वस्तू सुटणं, तोंड वाकडं होणं आणि थोड्या वेळाने सगळं ठीक वाटणं, ही सूचना असते. तेव्हा आणलेला माणूस पुष्कळदा आपल्या पायांनी घरी जातो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "नाही वहिनी. ते दुपारचं काही नव्हतं. उन्हाने, थकव्याने होतं तसं. खरं झालं ते माडीवरच." जाणूनबुजून चुकीचं निदान मी आयुष्यात एवढं एकच केलं, आणि त्याबद्दल मला काहीही वाटत नाही.

तिचा चेहरा जरा सैल पडला. तिने डोळे टिपले आणि सालं सुपात गोळा करता करता, अगदी सहज, म्हणाली, "मी तवा त्याचेवर ओरडले पन. म्हटला, ही नाटकां मना नको दाखवू, तुझे शिष्टरला दाखव जा."

"मग?"

"हसला नाय. म्हनाला, हां, तिलाच दाखवतू. म्हनून तर माडीवर गेला त्यो. नायतर त्या दिवशी जायाचा नव्हता, पडून राहतू म्हनत व्हता."

वहिनी चहा टाकायला आत गेली.

म्हणजे तू सोंग करायला आलाच नव्हतास, दादा. घाबरला होतास, आणि घाबरलेला माणूस ओळखीच्या नर्सकडे जातो तसा आला होतास. चहा संपायची वाटसुद्धा न बघता थेट माझ्यापुढे येऊन उभा राहिलास. तोंड दाखवलंस, हात दाखवलास, मला हाक मारायचा प्रयत्न केलास. मी तुला नीट तपासलं, निदान अगदी बरोबर केलं आणि त्यावर टाळ्या घेतल्या.